दोनशे त्र्याण्णवची बाकी

आमच्या घरमालकांनी खोली दाखवायच्या आधी वडिलांना दोनच प्रश्न विचारले. घरात माणसं किती, आणि गाडीचा नंबर काय.

वडिलांची जुनी मोपेड फाटकाला टेकवून ठेवली होती. वडील म्हणाले, "माणसं चार. नंबर चौऱ्याहत्तर एकोणतीस."

घरमालकांनी डोळे मिटले. ओठ हलायला लागले. आम्ही चौघं उन्हात उभे. आईनं माझ्याकडं पाहिलं, मी फाटकाकडं पाहिलं. बऱ्याच वेळानं त्यांनी डोळे उघडले आणि वडिलांचा हात धरला.

"सतरा, एकोणीस, तेवीस! तिघांचा गुणाकार केला की तुमची गाडी. तिघं एका ओळीत, मधी त्यांच्या जातीचं दुसरं कोणी नाय. पाहुणे, ही गाडी विकू नका."

"खोलीचं काय?" वडिलांनी विचारलं.

"खोली तुमचीच. आधी चहा घ्या."

नंतर कळलं, आमच्या आधी तीन कुटुंबं येऊन गेली होती. एकाच्या स्कूटरचा नंबर शून्यावर संपत होता. "दहानं जातो तो आकडा," घरमालक म्हणायचे, "दारातच सगळं सांगून टाकतो. असल्याला काय ठेवायचं घरात?"

त्यांना सगळे काकाच म्हणायचे. गंगापूरकडचं शेतकरी घर, पण उभी नोकरी सरकारी मोजणीदाराची. तीस वर्षं साखळी घेऊन जमिनी मोजल्या. आमची वस्ती ज्या जागेवर उभी राहिली तीही त्यांनीच मोजली होती, तिथं बाजरीचं रान होतं तेव्हा. शहर जालना रस्त्यानं पुढं सरकायला लागलं, रानाचे प्लॉट पडले, आणि त्यातला एक त्यांनी स्वतः घेतला. निवृत्तीच्या दिवशी साखळी परत केली आणि म्हणे कचेरीत सांगून आले, "आता अपूर्णांक बास." जमिनीचं माप कधी पुरं निघत नाही. काहीतरी आणे-पैसे शिल्लक राहतातच, आणि त्या शिलकीवर दोन भाऊ एकमेकांची डोकी फोडतात. हे तीस वर्षं पाहिल्यामुळं काकांचा जीव पूर्ण आकड्यांवर जडला होता.

त्यांच्या लेखी आकड्यांना स्वभाव होते. साठ म्हणजे मिळून मिसळून राहणारा, कुणाशीही पटवून घेणारा. चौसष्ट म्हणजे फक्त दोनाच्याच घरात लग्नं करणारा. आणि शाळेत ज्याला मूळ संख्या म्हणतात, म्हणजे एक आणि ती स्वतः सोडून दुसऱ्या कशानंच जिला पूर्ण भाग जात नाही, तिला काका 'एकांडा' म्हणायचे. एकांड्यांबद्दल बोलताना त्यांचा आवाज खाली यायचा, देवाबद्दल बोलताना काकूंचा यायचा तसा.

काकू व्यवहारी होत्या. मीही तशीच आहे, म्हणून आमचं जमायचं. एकदा त्यांनी काकांना कोथिंबीर आणायला पाठवलं तर हे रिकाम्या हातानं परत आले. वाटेत एका ट्रकचा नंबर दिसला होता, तो सुटेना, म्हणून त्याच्या मागं क्रांती चौकापर्यंत गेले.

"मग सुटला का?" काकूंनी विचारलं.

"सुटला. सात आणि अकरा, बाकी भरताड."

"आणि कोथिंबीर?"

काका परत गेले.

आता मुख्य आकड्याकडं येते. आमचा पिनकोड, ४३१००३.

वस्तीला तेव्हा काहीच नव्हतं. रस्ता मुरमाचा, बस येत नव्हती, नळाचा पाइप येऊन पडला होता आणि त्याच्यात कुत्री झोपत होती. होता तो एक पिनकोड. काका म्हणायचे, "बाकी कायबी नसू द्या, आपला आकडा तरी एकांडा पायजे." शहरातले इतर पिनकोड त्यांनी एकेक करून निकालात काढले होते. मुख्य पोस्टाचा ४३१००१ तर तीननं एकदा नाही, चारदा जातो. छावणीचा ४३१००२ दोननं जातो, अकरानं दोनदा जातो, तेरानं जातो, एकशे सदतीसनं जातो. त्याच्यावर तर ते खूश होते. "शेजाऱ्यानं अकरा, तेरा आन् एकशे सदतीस तिघांना अंगावर घेतलं. म्हणून आपल्याला या तिघांनी भागलं की बरोब्बर एकच उरतो. थोडक्यात वाचला बघ आपला."

रस्त्यात कुणी सहज विचारायचं, "बाकी काय, काका?" काका थांबून सांगायचे, "सतरानं भागला तर दोन."

आकडा एकांडा आहे हे नक्की करायचं तर त्याला लहान-लहान एकांड्यांनी भागून बघायचं, एकानंही पूर्ण भाग जाता कामा नये. कुठपर्यंत? हे त्यांनी मला ओट्यावर बसवून समजावलं होतं. "वाटेकरी निघाले तर दोन निघतील. दोन्ही मोठे असूच शकत नाय. सहाशे छप्पन्नला सहाशे छप्पन्ननं गुण, आपल्या आकड्याच्या आतच राहतंय. सहाशे सत्तावन्ननं गुण, वर जातंय. म्हणजे सहाशे छप्पन्नपर्यंत कुणी सापडला नाय तर पुढं सापडत नसतो." तिथपर्यंत एकूण एकशे एकोणीस एकांडे होते. त्यातले दोनशेच्या आतले सेहेचाळीस काकांनी एकट्यानं करून ठेवले होते. राहिले त्र्याहत्तर. आणि तिथं डोळ्यांनी दगा दिला.

एक डोळा आधीच गेलेला. दुसऱ्यात मोतीबिंदू पिकलेला. कागदावरचा आकडा दिसेना. भिंतीवर खडूनं मूठभर मोठा काढला तरच दिसायचा. ऑपरेशनची तारीख मिळाली होती, पण डॉक्टरांनी साफ सांगितलं होतं, दिसेल किंवा दिसणारही नाही. काकांना त्याचं फारसं वाटलं नसावं. त्यांचं म्हणणं एवढंच, की त्याआधी आकड्याचा निकाल लागला पाहिजे. "एकदा कळलं की मग अंधारात बसायला हरकत नाय. बसून त्याच्याबद्दल विचार करता येतो."

"काका, कॅल्क्युलेटर आणा की," वडील म्हणाले.

"ते बाकी सांगत नाय. टिंब देऊन पुढं सांगत बसतंय. टिंबाच्या पुढचं मी तीस वर्षं बघितलंय."

त्याच वर्षी दुष्काळ पडला. आधीचं वर्षही कोरडंच गेलं होतं. विहीर आटली, बोअरमधून हवा यायला लागली, आणि वस्तीला दर चौथ्या दिवशी टँकर सुरू झाला. तो काकांच्या घरासमोर लागायचा. टँकर दहाला येणार म्हणून आठपासून ओळ, आणि यायचा बाराला. चार तास उन्हात उभ्या असलेल्या बायका काय करणार? भांडायच्या. कुणी घागर पुढं सरकवली, कुणी जावेचा हंडा मधे घुसवला. एकदा तर कळशीनं कपाळ फुटलं.

काका ओट्यावर बसून हे ऐकत होते. पुढच्या टँकरला त्यांनी जुन्या कॅलेंडरच्या पानांच्या चिठ्ठ्या केल्या, माझ्याकडून प्रत्येकीवर एक एकांडा लिहून घेतला आणि ओळीत वाटायला लावल्या. खडूचे तुकडे दिले. ओट्यापुढची फरशी होतीच.

"हे काय?" एकीनं विचारलं.

"ओळीतला नंबर. चार लाख एकतीस हजार तीनला या आकड्यानं भागायचं आन् काय उरलं ते मला सांगायचं. जिनं भागाकार केला तिची जागा पक्की. तिला कुणी ढकलायचं नाय."

"आणि नाही आलं तर?"

"शेजारणीला विचारायचं. भांडायला येतंय तर भागायला बी येतंय."

पहिला अर्धा तास नुसती कुरकुर. मग एकीचं उत्तर आलं, काकांनी ते भिंतीवर मोठ्या अक्षरात लिहिलं, आणि झालं. आपल्या नावाचं काहीतरी भिंतीवर लागतंय म्हटल्यावर बायका फरशीवर वाकल्या. दुसऱ्या टँकरपर्यंत तर चढाओढ लागली. बाकी जास्त उरली की जिंकल्यासारखं वाटायचं, याला काही अर्थ नव्हता, पण वाटायचं.

"माझे दोनशे अडुसष्ट उरले!"

"मला मेलीला चौदाच. चिठ्ठीच फुटकी निघाली."

"स्वयंपाक करताना पण तुझं असंच. कधी काही उरत नाही."

टँकरचा ड्रायव्हर हे बघून कपाळाला हात लावायचा. "क्या चाचा, लोगां पानी भरने कू आए की इम्तेहान देने कू?"

"दोन्ही," काका म्हणायचे. "तू पाइप सोड."

ओळीत एक गिरजामावशी होत्या. आमच्याच सोयगावकडच्या, मेंढरं राखणाऱ्या घरातल्या. दुष्काळात मेंढरं विकून नवरा-बायको समोरच्या बांधकामावर कामाला आले होते. शाळेचं तोंड पाहिलेलं नाही. चिठ्ठी वाटताना मी त्यांना वगळून पुढं गेले तर मागून हाक आली.

"का गं? मला पाणी नगं व्हय?"

"मावशी, भागाकार आहे."

"मग दे की. किती हाय माझा?"

"दोनशे अकरा."

मावशींनी खडू घेतला नाही. चार खडे उचलले, पदर खोचला आणि समोर बघत बोलायला लागल्या. मेंढरं जाळीतून सोडताना जोडीनं मोजतात, तसं. "दोनशे अकराची जोडी चारशे बावीस. अशा हजार जोड्या भाईर गेल्या. र्‍हायले नऊ हजार आन् तीन. अजून इसावर एक जोडी गेली. आता जोडी बी जात नाय आन् एकलं बी जात नाय." खडे खाली टाकले. "उरले सात इसा आन् एक."

सात विसा एकशे चाळीस आणि एक. मी फरशीवर करून बघितलं. एकशे एक्केचाळीस. माझे हात खडूनं पांढरे झाले, त्यांचे कोरडेच होते. काका ओट्यावरून उठून उभे राहिले. त्यांना नीट दिसत नव्हतं, तरी मावशींच्या दिशेनं त्यांनी हात जोडले.

"बसा वो," मावशी म्हणाल्या. "मेंढरं याच्याहून अवघड. ती हालत्यात."

मी तेव्हा सतरा वर्षांची होते. पहिल्या दोन टँकरना मी माझे भागाकार नीट केले. दोनशे एकोणतीसला पंचवीस उरले, ते भिंतीवर अजून डोळ्यांसमोर आहेत. तिसऱ्या टँकरच्या दिवशी आईला ताप होता, धाकटा भाऊ शाळेत, आणि सहा भांडी घेऊन मी एकटी. चिठ्ठी आली २९३. आकडा फरशीवर लिहिला आणि नेमका त्याच वेळी पाइप माझ्यापर्यंत आला. घागर भरायची की भागाकार करायचा, असा प्रश्न होता. मी घागर भरली.

सहा भांडी भरून झाल्यावर ओट्याशी गेले. काका भिंतीकडं तोंड करून खडू घेऊन उभे होते.

"दोनशे त्र्याण्णव?"

"शंभर," मी म्हणाले.

त्यांनी खडू भिंतीला टेकवला आणि जरासे थांबले. मग लिहिलं, शंभर.

मला त्याचं काही वाटलं नाही. त्र्याहत्तरांतला एक. आधी कुणानं गेला नव्हता, यानं तरी कशाला जाईल? घरी येऊन मी आईला पेज करून दिली आणि विसरले.

चौथ्या टँकरला शेवटची चिठ्ठी उरली, सहाशे त्रेपन्नची, आणि घ्यायला कुणी नव्हतं. ड्रायव्हरनं ती काकांच्या हातातून काढून घेतली. स्टिअरिंगवर कागद ठेवून दहा मिनिटं बसला. सगळ्या बायका वर बघत. पाइप नुसता थेंबथेंब गळत होता आणि तो बंद करायचं कुणाला सुचलं नाही, त्या दुष्काळात.

"चाचा," तो वरून ओरडला, "तेवीस बचे!"

काका आत जाऊन गुळाची ढेप घेऊन आले आणि ओट्यावरच फोडली. काकूंनी तोंड उघडलं होतं, पण त्यांनीही एक खडा घेतला. बायकांनी गूळ खाल्ला, भिंतीकडं बघितलं, आपापला आकडा शोधून एकमेकींना दाखवला. एकीनं तर भिंतीला हळद-कुंकू लावलं. वस्तीला पाणी नव्हतं, रस्ता नव्हता, पण आता आमचा आकडा एकांडा होता आणि तो आम्ही ठरवला होता.

दुसऱ्या दिवशी काकांना दवाखान्यात भरती व्हायचं होतं. जाण्याआधी त्यांनी मला बोलावून पोस्टाला पत्र लिहायला बसवलं. त्यांनी सांगितलं, मी लिहिलं. 'आपल्या अखत्यारीतील ४३१००३ हा आकडा मूळ संख्या असल्याचे रहिवाशांच्या तपासणीअंती निष्पन्न झाले आहे. माहितीसाठी सविनय सादर.' खाली सही करताना त्यांची सही ओळ सोडून वर चढली. पेंटरलाही सांगून ठेवलं होतं. काका दवाखान्यातून आले की वस्तीच्या तोंडाशी पाटी लावायची: '४३१००३. या आकड्याला वाटेकरी नाही.'

रिक्षात बसताना ते म्हणाले, "आता डोळा राहो का जावो. निकाल लागला."

ते पत्र मी पेटीत टाकायला निघाले आणि कोपऱ्यापर्यंत गेल्यावर पाय थांबले. 'तपासणीअंती' हा शब्द मी माझ्या हातानं लिहिला होता. त्र्याहत्तरांतल्या बाहत्तर तपासण्या खऱ्या होत्या. मी परत फिरले. बाकी काढते, भिंतीवरचे शंभर पुसून खरा आकडा लिहिते आणि मग पत्र टाकते, एवढाच माझा विचार होता. पाच मिनिटांचं काम.

स्वयंपाकघराच्या फरशीवर बसून भागाकार केला. बाकी शून्य आली. चुकलं असणार म्हणून पुसून परत केला. शून्य. तिसऱ्यांदा केला आणि सरळ उठून समोरच्या बांधकामावर गिरजामावशींकडं गेले. डोक्यावरचं घमेलं उतरवून त्या बोलायला लागल्या.

"पाचशे शहाऐंशीची जोडी. सातशे जोड्या गेल्या. अजून पस्तीस गेल्या." थांबल्या. "आता जोडी जात नाय. एकच मेंढरू र्‍हायलंय." मग माझ्याकडं बघितलं. "पर पुरं हाय की गं ते. दोनशे त्र्याण्णवच हाय. उरलं कायबी नाय."

मी त्यांना सगळं सांगितलं. शंभर कुठून आणले तेही.

"मावशी, त्यांना तेवढाच आनंद आहे. डोळ्याचं काय होईल माहीत नाही. नाही सांगितलं तर?"

मावशींनी घमेलं परत डोक्यावर घेतलं. "मेंढरू हरवलं तर धन्याला पयलं सांगायचं असतंय. त्यानं परत मोजायच्या आत."

काका चौथ्या दिवशी घरी आले. डोळ्यावर जाड पट्टी, दुसरा डोळा तसाही निकामी, म्हणजे पूर्ण अंधार. आठवडाभर उताणं पडून राहायचं. पेंटर पाटी पांढरी करून, डबा घेऊन ओट्यावर बसला होता. मी आत गेले.

"कोण?"

"मी आहे काका."

"पत्र टाकलंस?"

"नाही. दोनशे त्र्याण्णव परत केला."

"बोल. सगळा बोल. मी मनात लिहितो."

मी खाटेशेजारी उभी राहून बोलायला लागले. "चारशे एकतीसमध्ये दोनशे त्र्याण्णव एकदा. उरले एकशे अडतीस."

"व्हय."

"वरून शून्य उतरवला. तेराशे ऐंशी. त्यात चार वेळा, अकराशे बहात्तर. उरले दोनशे आठ."

"पुढं."

"परत शून्य. दोन हजार ऐंशी. त्यात सात वेळा, दोन हजार एक्कावन्न. उरले एकोणतीस. आता वरून शेवटचा तीन."

काकांचं बोट चादरीवर लिहीत होतं. एकोणतीस लिहिलं. त्याच्या शेजारी तीन लिहिला. आणि बोट तिथंच थांबलं.

"दोनशे त्र्याण्णव," काका म्हणाले.

बाहेर पेंटर डबा ढवळत होता, त्याचा आवाज येत होता.

"त्या दिवशी मी भागाकार केलाच नव्हता, काका. पाइप आला होता. तोंडाला आलं ते सांगितलं."

"किती सांगितलं होतंस?"

"शंभर."

आधी मला वाटलं ते रडतायत, कारण खाट हलायला लागली. मग आवाज आला. काका हसत होते. पोट धरून, उताणे पडून, पट्टीसकट. काकू धावत आल्या.

"अहो हसू नका! टाके तुटतील!"

"अगं, शंभर म्हणाली! खोटंच सांगायचं तर सत्त्याऐंशी सांग, एकशे त्रेसष्ट सांग. शंभर! मला तवाच खटकलं होतं, खडू थांबला होता माझा. पोरी, खोटी बाकी कायम गोल असते. खरी कधी इतकी शहाणी नसते."

"पण आपला आकडा एकांडा राहिला नाही," मी म्हणाले.

"नाय राहिला तर नाय राहिला. एकसष्ट जणांना दाद दिली नाय त्यानं आन् बासष्टाव्याला जागा दिली. लई ताठ आकडा हाय. दुसरा वाटेकरी किती आला?"

"एक हजार चारशे एक्काहत्तर."

"वा!" ते म्हणाले, आणि परत हसायला लागले, आणि काकूंनी मला बाहेर काढलं.

पाटीवर शेवटी एवढंच आलं: '४३१००३ = २९३ × १४७१'. पोस्टाला सुधारलेलं पत्र गेलं. पंधरा दिवसांनी उत्तर आलं, 'आपले पत्र मिळाले. योग्य ती कार्यवाही करण्यात येईल.' कार्यवाही झाल्याचं ऐकलं नाही. आता तिथं वर उड्डाणपूल आहे, पाटी नाही, भिंतही नाही. शहराचं नाव बदललं. पिनकोड तोच आहे, आणि अजून दोनशे त्र्याण्णवनंच जातो.

मी वाळूजच्या एका कारखान्यात तपासणी विभागात आहे, बरीच वर्षं झाली. लाइनवरची पोरं दर तासाला मापं घेऊन कागद भरतात. कागद हातात आला की मी आधी आकड्यांच्या शेपट्या बघते. सलग पाच मापं गोल दिसली की कागद परत.

"मॅडम, तुम्ही तर तिथं नव्हता. कसं कळलं?"

"पाइप आला होता ना?" मी म्हणते. त्यांना काही कळत नाही, पण मापं ते परत घेतात.

पट्टी निघाली त्या दिवसाचं सांगायचं राहिलं. डॉक्टरांनी डोळ्यावर हिरव्या कापडाचा पडदा दिला होता, कपाळाला बांधलेला, खाली लोंबणारा. काका ओट्यावर बसले होते. दिसतंय की नाही हे विचारायची कुणाची हिंमत नव्हती, आणि ते स्वतः काही सांगत नव्हते. मी समोर जाऊन उभी राहिले तर म्हणाले, "चौदाशे एक्काहत्तर एकांडा हाय का, ते कुणी बघितलं?"

"नाही."

"अडतीसपर्यंतच जायचंय. बारा भागाकार. बाराही तुझे. आन् गोल बाकी चालणार नाय."

मी बाराही केले. धाकट्या भावाच्या शाळेच्या पाटीवर, पाणी भरायच्या आधी, एकही न सोडता. मग ओट्याशी येऊन पाटी बघून वाचायला लागले. "दोननं भागला, एक उरला. तीननं, एक उरला. पाचनं, एक. सातनं, एक."

काकांनी हात वर केला. मी थांबले.

"चारही वेळा एकच?"

"खरंच काका. मी केलेत. चारही वेळा एकच उरतो."

त्यांनी दोन बोटांनी हिरवा पडदा उचलला आणि त्या नव्या डोळ्यानं माझ्याकडं टक लावून बघितलं. आधी माझ्या चेहऱ्याकडं, मग हातातल्या पाटीकडं. दारात काकू हातात उलथनं घेऊन तशाच उभ्या राहिल्या.

"आण इकडं पाटी," काका म्हणाले. "मी बघतो."